विश्वाचा पसारा आणि माणसाचें मोल

आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. सारी हयात त्यांनीं शाळेंत गणित शिकविण्यांत घालविली. आळींतील लहानथोर त्यांना नाना म्हणतात. गेल्या भाद्रपदांत त्यांच्या पत्नीचें निधन झालें. बावन्न वर्षांचा संसार होता. तेव्हांपासून रात्रीचें जेवण आटोपलें, कीं नाना गच्चीवर जाऊन बसतात, आणि मधूनमधून मीही त्यांच्या सोबतीस जातों.

एके रात्रीं बराच वेळ आकाशाकडे पाहत बसल्यावर ते म्हणाले, “अहो, हल्लीं मी ग्रहताऱ्यांवरचीं पुस्तकें वाचतों आहें. त्यांतले आकडे वाचले, कीं जीव हलका होतो. एवढ्या अफाट विश्वांत आपली पृथ्वी म्हणजे धुळीचा एक कण. त्या कणावरची एक म्हातारी गेली काय, राहिली काय, कोणाला त्याचा पत्ता आहे? मग रडावयाचें तरी कशासाठीं?”

मी कांहीं बोललों नाहीं. त्यांच्या शब्दांत शांति होती, पण स्वरांत ती नव्हती. जन्मभर ज्यानें गणितें सोडविलीं, तो माणूस आपल्या दुःखाला शून्यानें गुणूं पाहत होता, आणि उत्तर कांहीं केल्या शून्य येत नव्हतें. त्या रात्रीं मला त्यांना उत्तर देतां आलें नाहीं. आजचें हें भाषण म्हणजे तें राहून गेलेलें उत्तर आहे.

हा प्रश्न नानांच्या एकट्याचा नाहीं. आकाशाविषयींचें एखादें पुस्तक मिटतांना किंवा दुर्बिणीनें टिपलेलीं चित्रें पाहतांना आपणांपैकीं पुष्कळांच्या मनांत तो येऊन जातो. विश्व जर इतकें मोठें, तर त्यांत माणसाला काय किंमत? त्याच्या सुखदुःखांना, त्याच्या न्यायान्यायाला, त्याच्या गाण्याला आणि गणिताला तरी काय किंमत? कोणी हा विचार वैराग्यासाठीं करतो, कोणी समाधानासाठीं. आणि कोणी, खरें सांगावयाचें तर, आपल्या कर्तव्यांतून सुटका करून घेण्यासाठींही करतो. म्हणून तो एकदां नीट तपासून पाहिला पाहिजे.

आरंभींच एक गोष्ट मान्य करूं. ज्या आकड्यांवर हा युक्तिवाद उभा आहे, ते आकडे खरे आहेत. किंबहुना आपल्या कल्पनेंत ते मावतच नाहींत, म्हणून त्यांना थोडें हातांत धरतां येईल असें करून पाहूं.

सूर्याचा व्यास सुमारें १४ लाख किलोमीटर आहे. एक लाख किलोमीटर म्हणजे एक सेंटिमीटर, असें प्रमाण घेतलें, तर सूर्य चौदा सेंटिमीटरांचा, म्हणजे चांगल्या मोठ्या नारळाएवढा होईल. हा नारळ आपण दादरच्या शिवाजी पार्कच्या मैदानावर ठेवूं. आतां आपली पृथ्वी कोठें? त्या नारळापासून पंधरा मीटरांवर ठेवलेला मोहरीचा एक दाणा, ती पृथ्वी. चंद्र म्हणजे त्या दाण्यापासून दोन बोटें दूर असलेला रव्याचा कण. १९६९ ते १९७२ या काळांत बारा माणसें चंद्रावर पाऊल ठेवून आलीं, त्याचा आपणांस सार्थ अभिमान आहे. पण या आपल्या नकाशावर तो प्रवास अवघ्या दोन बोटांचा. गुरु हा ग्रहांमधला राजा. तो एका करवंदाएवढा भरेल, आणि नारळापासून सुमारें ७८ मीटरांवर राहील. सर्वांत बाहेरचा ग्रह नेपच्यून, तो साडेचारशें मीटरांवर, म्हणजे मैदानाबाहेर, एखाद्या गल्लींत.

येथवर सारें चालण्याच्या टप्प्यांत आहे. आतां शेजारचा तारा कोठें ठेवावा? दादरला नाहीं, पुण्याला नाहीं, नागपुरालाही नाहीं. तो सुमारें ४,००० किलोमीटरांवर, जवळजवळ सिंगापुराला ठेवावा लागेल! आणि तोही नारळ नसून एखाद्या सुपारीएवढाच असेल. दादरचा नारळ आणि सिंगापूरची सुपारी, यांच्या मध्यें जवळजवळ कांहीं नाहीं. प्रकाश सेकंदाला सुमारें तीन लाख किलोमीटर धांवतो. सूर्यापासून आपल्यापर्यंत यावयास त्याला सव्वाआठ मिनिटें लागतात. त्या सुपारीपासून यावयास सव्वाचार वर्षें लागतात.

असे नारळ आणि अशा सुपाऱ्या आपल्या एका आकाशगंगेंत दहा हजार कोटींहून अधिक आहेत. तिचा विस्तार सुमारें एक लाख प्रकाशवर्षें, आणि आपला सूर्य तिच्या केंद्रापासून सुमारें २६,००० प्रकाशवर्षें दूर, एका बाजूस, कोणाच्या लक्षांतही न येणाऱ्या जागीं. अशा आकाशगंगा पुन्हां हजारों कोटी आहेत. त्यांपैकीं देवयानी तारकासमूहांतील एक, काळोख्या रात्रीं, नुसत्या डोळ्यांनीं पुसट ढगासारखी दिसते. तिचा जो प्रकाश आज आपल्या डोळ्यांत शिरतो, तो तेथून निघाला त्याला २५ लाख वर्षें झालीं. तो निघाला तेव्हां पृथ्वीवर आपल्यासारखा माणूस अद्याप जन्मासही आलेला नव्हता.

जागेची ही कथा, तीच काळाची. विश्वाचें आजचें वय सुमारें १,३८० कोटी वर्षें. हा सारा काळ एका अहोरात्रांत बसवूं. मध्यरात्रीं बारा वाजतां आरंभ झाला, असें समजूं. मग पृथ्वी जन्मास यावयास दुपारचे चार वाजून जातात. आणि माणूस? आपल्या जातीचा माणूस सुमारें तीन लाख वर्षांपूर्वींचा. तो दुसऱ्या मध्यरात्रीचे ठोके पडावयास दोन सेकंदही उरलेलीं नसतांना येतो. आपलीं सारीं राज्यें, सारे ग्रंथ, सारीं युद्धें त्या दोन सेकंदांच्या शेवटच्या तुकड्यांत बसतात.

म्हणजे नानांचे आकडे बरोबर आहेत. प्रश्न एवढाच, कीं त्या आकड्यांवरून त्यांनीं काढलेलें उत्तर बरोबर आहे काय?

विज्ञानाच्या इतिहासाकडे पाहून असें सांगण्याची प्रथा आहे, कीं प्रत्येक मोठ्या शोधानें माणसाला एकेक पायरी खालीं उतरविलें. कोपर्निकसानें १५४३ सालीं पृथ्वीला विश्वाच्या मध्यावरून काढलें. विसाव्या शतकाच्या पहिल्या पांवशतकांत सूर्यालाही आकाशगंगेच्या मध्यावरून उठावें लागलें, आणि ती आकाशगंगाही अनेकांतील एक ठरली. हें सारें खरें आहे. पण माणसाला या पायऱ्या उतरविल्या कोणीं, हें विचारावयाचें आपण विसरतों. म्हणून त्यांतल्या एका व्यक्तीची गोष्ट सांगतों.

अमेरिकेंतील हार्वर्डच्या वेधशाळेंत हेन्रिएटा लेव्हिट नांवाची एक बाई काम करीत असे. दुर्बिणीनें घेतलेलीं आकाशाचीं छायाचित्रें कांचेच्या तावदानांवर उमटलेलीं असत. त्या तावदानांवरचे सुईच्या अग्राएवढे काळे ठिपके भिंगाखालीं तपासावयाचे, आज कोणता ठिपका मोठा झाला, कोणता लहान झाला, याची नोंद करावयाची, हें तिचें काम. पगार ताशी तीस सेंट. तिला ऐकूं फार कमी येई. प्रकृतीही धड नसे. त्या काळीं दुर्बिणीवरचें काम पुरुषांचें मानीत आणि मोजणीचें हें किचकट काम स्त्रियांकडे देत.

दक्षिण आकाशांत दोन फिकट अभ्रें दिसतात. त्यांना मॅगेलनचे मेघ म्हणतात. त्यांतील १,७७७ ताऱ्यांचें तेज कमीजास्त होतें, असें तिनें १९०८ सालीं नोंदलें. पुढें १९१२ सालीं लहान मेघांतील अशा पंचवीस ताऱ्यांची तिनें बारकाईनें तुलना केली, आणि एक नियम तिच्या हातीं लागला. ज्या ताऱ्याचें तेज वाढून-ओसरून पुन्हां वाढावयास अधिक दिवस लागतात, तो तारा मुळांतच अधिक तेजस्वी असतो.

एवढ्यानें काय झालें, असें आपण विचाराल. अंधाऱ्या रात्रीं दूरवर एक दिवा मिणमिणतांना दिसला, तर तो जवळची पणती आहे कीं लांबची मोठी बत्ती, हें नुसत्या डोळ्यांना कळत नाहीं. पण दिव्याचें खरें तेज आधींच ठाऊक असेल, तर तो किती दूर आहे, याचा हिशेब करतां येतो. लेव्हिटबाईंच्या नियमानें ताऱ्याचें खरें तेज कळूं लागलें, आणि माणसाच्या हातांत दूरच्या आकाशावर टाकण्यासारखी मोजपट्टी आली. ऑक्टोबर १९२३ मध्यें हबल या ज्योतिर्विदाला माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणींतून देवयानींत असाच एक तारा सांपडला. त्यानें ही पट्टी लावली, आणि देवयानी आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर आहे, हें सिद्ध झालें. हें पाहावयास लेव्हिटबाई हयात नव्हत्या. डिसेंबर १९२१ मध्यें त्यांचें देहावसान झालें होतें.

विश्वाच्या ज्या विस्तारापुढें आपण मान खालीं घालतों, तो विस्तार आपल्याला दाखविला कोणीं, तर मोहरीच्या दाण्यावर राहणाऱ्या, कांचेवरचे ठिपके मोजणाऱ्या, एका अर्धबधिर बाईनें! मला यावरून माणूस फार थोर आहे, असें सिद्ध करावयाचें नाहीं. मला एवढेंच दाखवावयाचें आहे, कीं आकार हें एक खातें आहे आणि मोल हें दुसरें. देवयानीचा व्यास लक्षावधि प्रकाशवर्षांच्या हिशेबांत लिहितात. लेव्हिटबाईंच्या चिकाटीचा व्यास कोणत्या मापांत लिहावयाचा?

नाना वर्गांत मुलांना एक गोष्ट पुन्हांपुन्हां बजावीत असत, असें त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात. “आधीं एककें तपासा,” असें ते म्हणत. कोणी मुलानें मीटरांतून किलोग्रॅम वजा केले, कीं ते उत्तर न पाहतांच उदाहरणावर फुली मारीत. आज त्यांच्याच उदाहरणावर ती फुली मारण्याची पाळी माझ्यावर आली आहे. एका खात्यांत कोटीकोटी किलोमीटर, दुसऱ्या खात्यांत बावन्न वर्षांचें साहचर्य. आणि हीं दोन्हीं एका ओळींत मांडून त्यांची वजाबाकी करावयाची! हें उदाहरण चुकलें आहे, आणि तें पहिल्याच पायरीवर चुकलें आहे.

याची खात्री हवी असेल, तर उदाहरण उलटें करून पाहावें. समजा, विश्व अगदीं लहान असतें. समजा, एक सूर्य, एक पृथ्वी आणि वर ताऱ्यांनीं जडविलेलें एक छत, एवढेंच सारें जग असतें. आपल्या पूर्वजांपैकीं पुष्कळांना तें तसेंच वाटत असे. मग नानांच्या पत्नीच्या जाण्याला अधिक अर्थ आला असता काय? त्या छोट्या जगांत त्यांचें दुःख अधिक खरें ठरलें असतें काय? कोणीही नाहींच म्हणेल. मग विश्व लहान असल्यानें जर दुःखाचें मोल वाढत नाहीं, तर तें मोठें आहे म्हणून कमी तरी कसें होईल?

येथें कोणी म्हणेल, ठीक आहे. पसाऱ्यामुळें आपलें मोल कमी होत नसेल, पण एवढा पसारा आपल्याशीं कांहीं संबंध नसलेला, उगाचच पडलेला आहे ना? या अफाट वाड्यांत आपण परके, वाट चुकून आलेले पाहुणे आहोंत ना? याचें उत्तर मात्र भौतिकशास्त्रानेंच दिलें आहे, आणि तें फार सुंदर आहे.

आपल्या हाडांत कॅल्शियम आहे, रक्तांत लोह आहे, श्वासांत प्राणवायु आहे. विश्वाच्या आरंभीं यांतलें कांहींही नव्हतें. होता तो मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम. कार्बन, प्राणवायु, लोह हीं द्रव्यें ताऱ्यांच्या पोटांतील भट्ट्यांत तयार झालीं, आणि ते तारे मरतांना अवकाशांत विखुरलीं. हा सिद्धांत मार्गारेट व जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल या चौघांनीं १९५७ सालीं सविस्तर मांडला. आपले डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) हे याच हॉइलांचे केंब्रिजमधील शिष्य. जुन्या ताऱ्यांची ही राख गोळा होऊन नवा सूर्य बनला, त्याच्याभोंवतीं पृथ्वी बनली, आणि पृथ्वीवर आपण. आतां ताऱ्यांच्या पिढ्या जन्मून मरावयास शेंकडों कोटी वर्षें लागतात. आणि विश्व तर आरंभापासून प्रसरण पावत आहे. जें विश्व इतकीं वर्षें टिकलें, तें इतकें विस्तारणारच. म्हणजे विश्वाचा हा विस्तार आणि आपलें असणें, या एकाच हकीकतीच्या दोन बाजू आहेत. विश्व एखाद्या दिवाणखान्याएवढें असतें, तर त्यांत ना तारे शिजले असते, ना लोह, ना रक्त. एवढा मोठा वाडा बांधून झाल्याशिवाय त्यांत आपला पाळणा टांगतां आला नसता.

मात्र यावरून लगेच दुसऱ्या टोंकाला जाऊं नये. पाळण्यासाठीं वाडा लागला, म्हणजे वाडा पाळण्यासाठींच बांधला, असें होत नाहीं. विश्व आपल्यासाठीं रचलें गेलें, असें म्हणावयास विज्ञानांत आधार नाहीं. शिवाय पाळणा एकच आहे, असेंही आज कोणी छातीवर हात ठेवून सांगणार नाहीं. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोंवतीं फिरणारा पहिला ग्रह १९९५ सालीं सांपडला. त्यानंतरच्या तीस वर्षांत असे सहा हजारांहून अधिक परग्रह निश्चित झाले. त्यांपैकीं कोठेंही जीवाची खूण अद्याप पटलेली नाहीं. ती उद्यां पटली, तर आपल्याला सोबत मिळेल. कधींच पटली नाहीं, तर या एकाच दाण्याला जपण्याची जबाबदारी वाढेल. पण दोहोंपैकीं कांहींही झालें, तरी कोणत्याही आईच्या मायेंत त्यामुळें मासाभर कमीजास्त होणार नाहीं. शेजारच्या घरांत मूल आहे, म्हणून आपल्या घरचें मूल कोणाला नकोसें होत नाहीं.

मग एवढ्या मोठ्या आकड्यांचें करावयाचें तरी काय? मला वाटतें, आपल्या घरोघर चालत आलेल्या एका रीतींत याचें उत्तर आहे. पूजेच्या आरंभीं गुरुजी संकल्प सांगतात. हातांत पाणी घेऊन आपण तो निमूटपणें ऐकतों आणि बहुधा त्याकडे लक्ष देत नाहीं. तो कोठून सुरू होतो, पाहा. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचें दुसरें परार्ध, त्यांतला हा कल्प, त्यांतलें हें मन्वंतर, त्यांतलें कलियुग. आणि एक कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षें! मग हें द्वीप, हा भारतवर्ष, हें गोदावरीचें दक्षिण तीर. मग हें संवत्सर, हा मास, ही तिथि. आणि सर्वांत शेवटीं यजमानाचें गोत्र आणि त्याचें नांव. हे जुने कालखंड आणि आजच्या शास्त्राचें कालमापन एकच आहे, असें मी म्हणत नाहीं. तसें म्हणणें चूक होईल. मला महत्त्वाची वाटते ती त्या वाक्याची रचना. कोट्यवधि वर्षांचा उच्चार करून झाल्यावर तें वाक्य असें म्हणत नाहीं, कीं एवढ्या काळापुढें तुझी पूजा ती काय, तेव्हां ऊठ आणि घरीं जा. उलट, तें त्या माणसाला त्याच्या नांवानें हांक मारतें, आणि त्याच्या हातावरचें पळीभर पाणी सोडावयास सांगतें. तेथें विस्तार हा माणसाचा पत्ता आहे. त्याच्याविरुद्धचा निकाल नव्हे.

ज्योतिषशास्त्रानें गेल्या चारशें वर्षांत आपल्याला हेंच दिलें. त्यानें आपला पत्ता दुरुस्त केला. आधीं आपण तो चुकीचा लिहीत होतों. आतां तो असा लिहावा लागतो: हजारों कोटींतील एक आकाशगंगा, तिच्या मध्यापासून २६,००० प्रकाशवर्षें दूर, एक मध्यम तारा, त्याचा तिसरा ग्रह. पत्ता लांबलचक झाला, घर लहान दिसूं लागलें. पण घरांतलें माणूस तेंच राहिलें.

हा नवा पत्ता घालून माणसानें एक पत्रही धाडलें आहे, आणि त्याचा आपल्या भाषेशीं व आपल्या गाण्याशीं संबंध आहे. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें आकाशांत सोडलीं. दुसरें २० ऑगस्टला, आणि पहिलें ५ सप्टेंबरला. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक बारा इंची तबकडी बसविली आहे. तींत पृथ्वीवरचे आवाज आहेत. पाऊस आहे, पक्षी आहेत, पंचावन्न भाषांतून केलेलें अभिवादन आहे, आणि त्या पंचावन्न भाषांत मराठीही आहे. शिवाय सुमारें दीड तासाचें संगीत आहे. बाख आहे, बेथोव्हेन आहे. आणि भारतातर्फे सुमारें साडेतीन मिनिटांची एक भैरवी आहे, सूरश्री केसरबाई केरकर यांची.

गोव्यांतील केरी या गांवीं १८९२ सालीं जन्मलेली ही गायिका. अल्लादिया खांसाहेबांची शिष्या. पहिलें व्हॉयेजर उडालें आणि त्यानंतर अकराच दिवसांनीं, १६ सप्टेंबर १९७७ रोजीं, मुंबईंत केसरबाई निवर्तल्या. बाईंचा देह येथें राहिला आणि सूर निघून गेला. तो कोठवर गेला? आज तें यान सुमारें २,५०० कोटी किलोमीटरांवर आहे. तेथवर पोंचावयास प्रकाशालाही जवळजवळ एक अहोरात्र लागतें. ऑगस्ट २०१२ मध्यें त्यानें सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडली. माणसाच्या हातची कोणतीही वस्तु याहून दूर गेलेली नाहीं. पण आपल्या दादरच्या नकाशावर तें अजून माहीमच्या खाडीपाशींच आहे! सिंगापूर कोठें, आणि माहीमची खाडी कोठें! सुमारें ४०,००० वर्षांनीं तें एका दुसऱ्या ताऱ्याच्या जवळून जाईल. जवळून म्हणजे तरी दीड प्रकाशवर्षाहून थोडें अधिक अंतर ठेवून.

याच यानानें १४ फेब्रुवारी १९९० रोजीं, सुमारें ६०० कोटी किलोमीटरांवरून, एकदां मागें वळून पृथ्वीचें छायाचित्र घेतलें. त्यांत पृथ्वी एका ठिपक्याहूनही लहान दिसते. हें चित्र पाहून पुष्कळांच्या मनांत नानांचाच विचार आला असेल. पण चित्र घेणारी दृष्टि त्याच ठिपक्यावरून गेलेली होती, आणि यानाच्या कुशीला त्याच ठिपक्यावरची भैरवी होती.

ती तबकडी कोणी ऐकेल काय? बहुधा नाहीं. ज्यांनीं ती पाठविली, त्यांनाही हें ठाऊक होतें. यानाची विद्युत्शक्ति वर्षागणिक ओसरत आहे; थोड्या वर्षांत त्याचें आपल्याशीं बोलणें बंद पडेल, आणि मग तें मुक्यानेंच पुढें जात राहील. तरीही ती पाठविणें व्यर्थ होतें, असें मला वाटत नाहीं. मैफलीच्या शेवटीं भैरवी गातात, ती सभागृह किती मोठें आहे, हें मोजून कोणी गात नाहीं. केसरबाईंनीं ती मुद्रिका दिली, तेव्हां ताऱ्यांच्या दिशेनें ती जाईल, हें त्यांच्या स्वप्नींही नसेल. समोरचा सूर नीट लागावा, एवढीच त्यांची चिंता होती. त्या सुराचें मोल तेव्हांच ठरलें. पुढें तो शिवाजी पार्कवर राहिला, कीं सिंगापुरास पोंचला, यावर तें अवलंबून नाहीं.

श्रोतेहो, माझी वेळ संपत आली. गेल्या रविवारीं या भाषणाचें टांचण घेऊन मी नानांकडे गेलों आणि तें त्यांना वाचून दाखविलें. एककांची गोष्ट आली, तेव्हां ते किंचित् हंसले; “फुली बरोबर मारलीत,” म्हणाले. बाकी वादविवाद कांहीं झाला नाहीं. त्यांचें दुःख कमी झालें, असें मी सांगूं शकत नाहीं. युक्तिवादानें दुःख कमी होत नसतें. पण तें लपविण्याचें कारण मात्र आतां उरलें नव्हतें. बऱ्याच दिवसांनीं ते बायकोविषयीं बोलले. ती आमटींत गूळ जास्त घाली, आणि त्यावरून दोघांचे खटके उडत, असें कांहीं कांहीं.

मग त्यांनीं ती भैरवी ऐकावयास मागितली. मी ती लावली. गच्चीवर दिवा नव्हता. वर देवयानी होती, पण शहराच्या उजेडांत ती दिसत नव्हती. गाणें संपलें तसे नाना म्हणाले, “एवढीच? साडेतीन मिनिटें?”

“हो, नाना. एवढीच.”

ते थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, “पुरे आहेत.”